वस्तू क्रमांक एकेचाळीस

फॉर्मवर रकाने सोळा.
नाव, उंची, दगडाचा प्रकार,
कोणाच्या स्मरणार्थ, सद्यःस्थिती.
उद्यान विभागाची टेप मीटरभर जाऊन अडते,
म्हणून वॉचमनची काठी लावली:
दोन काठ्या, एक वीत.

काळा पाषाण. चौथरा. वर काही नाही.
'काही नाही' असं सरकारी कागदावर चालत नाही,
मी लिहिलं, शिरोभाग अनुपलब्ध.

वर्गणीची वही रेकॉर्ड रूमला सापडली,
माझ्याआधी वाळवीने वाचलेली.
सराफ बाजार, पन्नास.
भांडी बाजार, पस्तीस आणि एक घागर.
पेरूवाले बागवान, दहा.
पंचवटीतल्या एका मठाचा नुसता आशीर्वाद.
राजाला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली
ही बातमी सातासमुद्रापलीकडून निघाली
आणि मामलेदार कचेरीत पोचेपर्यंत
तिची वसुली झाली होती.

तरी पुतळ्यापुरतं जमेना.
खांद्यापर्यंतचाही राजा परवडेना.
मग ठरलं, वर पितळी मुकुट,
खाली तांग्यांच्या घोड्यांना पाण्याचं टाकं.
टाकं कोणाला सुचलं, ते पान नाही.

बाकावर एकनाथ धोत्रे बसले होते,
मी मोजत होते ते बघत.
"लिहा बाई. यल्लप्पा वडार, माझा आजा.
वाचता येत नव्हतं त्याला.
कागदावर अक्षर दिसेल तसं दगडात उतरवायचा,
चित्रासारखं.
त्या कागदावर माशी बसून गेलेली.
राजाच्या 'रा'वर तिचा ठिपका.
आज्याने तोही कोरला. खोल, गोल, मन लावून."

माशीला माशी म्हणतात ते हेच.

मामलेदार ओरडला,
अरे, राजा सांगितला होता, रांजण नव्हे!
साहेब दुसऱ्या दिवशी यायचा होता.
रात्री लाख वितळवली, काजळी मिसळली,
ठिपका बुजवला.
सकाळी बँड वाजला, हार पडले, भाषण झालं,
आणि टाक्याचं पहिलं पाणी
फीत कापायच्या आत
साहेबाच्याच तांग्याचा घोडा प्यायला.

पुढे सात वर्षांनी एका रात्री पोरं आली,
राजाचं नाव तासायला.
"छिन्नी आमच्याच घरची," धोत्रे म्हणाले.
"आज्याने का म्हणून विचारलं नाही.
एवढंच बोलला, धार सांभाळा."
मुकुट त्याच रात्री गेला.
तांबट आळीत वितळला,
कोणाच्या तरी न्हाणीघरात बंब होऊन
दिवाळीला पहिल्या आंघोळीचं पाणी तापवत राहिला
म्हणतात. मी ते फॉर्मवर घेतलेलं नाही.

पोरांनी नाव तासलं,
लाखेखालचं त्यांना दिसलं नाही.
मग इतके उन्हाळे. मग गंगेचा तो मोठा पूर,
बागेत कमरेएवढा गाळ.
लाख कधी निघाली कोणी बघितलं नाही.

आता बोट फिरवलं तर
खडबडीत, बोडका पट्टा लागतो
आणि वर वाटाण्याएवढा एक खड्डा,
कोणाच्याच नावातला नसलेला.
मी बघत असताना त्यात एक मुंगी शिरली
आणि बराच वेळ आली नाही.

बागेचं नाव पाटीवर दोनदा बदललं.
रिक्षावाल्याला यातलं एकही सांगू नका,
टाक्याची बाग म्हणा, तो नेईल.
घोडे गेले. टाक्यावर आता
रिक्षावाले फडकी पिळतात,
एक पिवळी कुत्री पुढचे पाय वर टेकून पाणी पिते.

सातवा रकाना: कोणाच्या स्मरणार्थ.
मी पेन तसंच धरून बसले.
धोत्रे उठून गेले, त्यांची बस होती.
शेवटी लिहिलं, माहिती अपुरी,
आणि 'माहिती'च्या 'मा'वर
नको तिथे एक अनुस्वार दिला.
खोल, गोल.

वरिष्ठांची सही झाली.
कोणी खोडलेला नाही अजून.

टाक्याची तोटी गळते.
तिचा फॉर्म वेगळा.